काचेच्या पेटीतलं रान

डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता तेव्हा आबासाहेबांनी दोष धुळीला दिला, उसाच्या पाचटाच्या धुराला दिला, चष्मेवाल्याला दिला. डोळ्यांना काही दिला नाही. इंदापूरजवळच्या मळ्यातली डाळिंबाची बाग त्यांनी जन्मभर नजरेनं राखलेली. फळावर तेल्या रोगाचा पहिला ठिपका पडला की तो सगळ्यांच्या आधी त्यांना दिसायचा. असा माणूस एका सकाळी गोठ्यातल्या खांबाला पुतण्या समजून, पाण्याच्या पाळीबद्दल बराच वेळ बोलत उभा राहिला. चंद्राबाईंनी ते पाहिलं. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी बारामतीला मुलाला फोन लावला.

मुलगा अविराज बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला होता. त्याची बायको प्राची तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. डॉक्टरांनी आबांना तपासलं आणि सांगितलं की रक्तातली साखर फार वाढलीय, ती खाली आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही. त्यामुळे आबांचा मुक्काम फ्लॅटवर पडला. मळा रणजितच्या हवाली केला. रणजित म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. तो पाळण्यात असताना त्याचा बाप उसाला पाणी देता देता साप चावून गेला होता. भावाला बैलगाडीत घालून इंदापूरला नेताना त्याचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. तेव्हापासून सरपटणारं, डंख मारणारं, बिळात राहणारं काहीही दिसलं की आबा ते मारायचे. विषारी आहे की बिनविषारी, असली चौकशी त्यांनी कधी केली नाही. मळ्यावर त्यांच्या काठीचा तेवढा वचक होता.

फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. टीव्हीवर नुसते रंग हलायचे. लिफ्टमध्ये जीव घुसमटायचा. अविराज आणि प्राची कामाला गेले की घर सुनं व्हायचं. अशा वेळी त्यांना हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीचा शोध लागला.

पेटी उभी होती, बुटक्या टेबलावर ठेवलेली, माणसाच्या छातीपर्यंत येणारी. बारामतीत दानिश म्हणून एकाचं मासे पाळायच्या टाक्यांचं दुकान होतं, त्याच्याकडून प्राचीनं ती करून घेतली होती. आबांना आत हिरवा ढग भरल्यासारखा दिसायचा. जवळ डोळा नेला की नेच्याची पानं, शेवाळाची गादी, आंब्याच्या खोडाच्या सालीचे उभे लावलेले मोठे तुकडे एवढं अंधुक कळायचं. त्यांनी विचारलं तेव्हा प्राची म्हणाली, झाडं आहेत, त्यांना ओलावा लागतो. हे काही खोटं नव्हतं.

आबांनी तिच्याकडून फवाऱ्याची बाटली मागून घेतली. हाताला काम नाही म्हणजे माणूस गंजतो, म्हणाले. वरच्या जाळीतून दोन-चार फवारे मारा, दार उघडू नका, असं तिनं बजावलं होतं. पण जाळीतून पाणी मारणं म्हणजे बांधावरून पीक बघणं. ती दोघं घराबाहेर पडली की आबा पुढचं काचेचं दार सरकवायचे आणि कोपरापर्यंत हात आत घालून सालीच्या मागं, मुळांशी, अगदी खोलवर पाणी मारायचे. आत पाटाच्या कडेला येतो तसा थंड, ओला वास कोंडलेला असायचा. तो वास आला की त्यांना बरं वाटायचं. कधी कधी मनगटावरून, बोटांवरून काहीतरी हलकंसं फिरायचं, केसासारखं. नेच्याचं टोक असेल. त्यांना ते आवडायचं. कुणीतरी हात चाचपून ख्यालीखुशाली विचारावी तसं वाटायचं. चंद्राबाईंना त्यांनी फोनवर सांगितलं की सूनबाईनं घरात रान लावलंय आणि आपण त्याला पाणी देतो.

संक्रांत झाली, साखर उतरली, आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली तेव्हा आबा खुर्चीत हबकून मागं सरले. एवढा उजेड जगात असतो हे ते विसरूनच गेले होते. नर्सच्या कपाळावरची टिकली दिसली, भिंतीतली तडा गेलेली फरशी दिसली. घरी आल्यावर बेसिनवरच्या आरशात एक गाल बसलेला, पांढऱ्या खुंटांचा म्हातारा दिसला. त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. आपण एवढे म्हातारे झालो हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त आपल्यालाच नव्हतं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी अविराज औषधं आणायला गेला. प्राची कॉलेजातून यायची होती. दिवेलागणीची वेळ, आणि नेमकी वीज गेली. खिडकीतून अजून उजेड येत होता, आबा खुर्ची ओढून काचेच्या पेटीसमोर बसले. आज आपलं रान नीट बघू, असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं.

नेचा दिसला. त्याच्या पानांच्या पाठीवरचे तपकिरी ठिपकेसुद्धा दिसले. शेवाळावर पाण्याचे थेंब होते. सालीच्या भेगा दिसल्या. मग सालीचा एक काळपट भाग जागचा हलला.

तो आडवा सरकला, खेकड्यासारखा. पसरलेल्या पंज्याएवढं, चपटं, जणू जात्याखाली दाबून काढलेलं अंग. पाय कोळ्याचे, पण त्याहून लांब. तोंडापुढं दोन हात घडी घातलेले आणि त्यांवर बाभळीच्या काट्यांसारखे काटे. आणि सगळ्यांत पुढचे दोन पाय पाय नव्हतेच. घोड्याला मारायच्या चाबकाच्या वाद्या असाव्यात तसे बारीक, लांबच लांब. त्यातला एक काचेवरून फिरत होता. हळू, मऊ, चाचपत. काचेपलीकडे आबांचं नाक होतं, तिथपर्यंत येऊन तो थांबला आणि काचेला लागून थरथरला.

केसासारखं काय फिरत होतं, ते आबांना कळलं.

ते ओरडले नाहीत.  खुर्ची मागं सरकवून उठले आणि भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले.

प्राची आली तेव्हा वीज आली होती आणि नळ धो धो चालू होता. आबा उजवा हात कोपरापर्यंत साबणानं घासत होते. कातडी लाल झाली होती. तिला बघून त्यांनी नळ बंद केला आणि हात अंगापासून लांब धरून उभे राहिले, भाजलेला हात धरावा तसे.

"त्या पेटीत काय हाय?"

प्राचीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. हा प्रश्न कधीतरी येणार हे ती धरूनच चालली होती. तिनं सांगितलं की त्याला व्हिप स्पायडर म्हणतात, चाबकासारखे पाय म्हणून. तो कोळ्याच्या भावकीतला, पण कोळी नव्हे. त्याला विष नाही, नांगी नाही, तो जाळं विणत नाही. काट्यांचे हात रातकिडे धरायला. त्याला फारसं दिसत नाही, म्हणून पुढच्या दोन पायांनी सगळं चाचपत फिरतो. पेटीत तीन आहेत.

तीन म्हटल्यावर आबांनी ओट्याला हात टेकला.

"मला दिसत नव्हतं म्हणून तुमी मला त्यात हात घालू दिला."

तुम्ही दार उघडता हे मला माहीतच नव्हतं, असं ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच उतरला. तेवढ्यात अविराज आला. त्याला सगळं माहीत होतं. आबांना सांगू नकोस, असं त्यानंच प्राचीला बजावलेलं होतं. आता तो बापाच्या बाजूला झाला. येत्या रविवारी पेटी दानिशकडे देऊन टाकू, असं त्यानं परस्पर जाहीर करून टाकलं.  प्राचीनं ताटं घेतली. आबा जेवले नाहीत. ते म्हणाले की ती पेटी तरी जाईल, न्हायतर मी तरी. मग खोलीत जाऊन त्यांनी दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.

सकाळी अविराज लवकर गेला. आबांनी चहा खोलीतच घेतला. पण बाथरूमला जायचं तर हॉलमधून जावं लागे. तिकडे बघायचं नाही असं ठरवून ते निघाले आणि अर्ध्यात त्यांची नजर गेलीच. नवा डोळा त्यांचं ऐकेना.

त्या तिघांतली एक दिवसाउजेडी बाहेर आली होती. पेटीत मधोमध, सालीच्या तोंडावर, मागच्या पायांनी लटकलेली, डोकं खाली, सगळे पाय पसरलेले. हलत नव्हती. खिडकीतलं ऊन सरळ तिच्यावर पडलं होतं.

आबांनी पायातली चप्पल काढली.  हे काम त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दार सरकवलं आणि एकच फटका दिला. साल टणकन वाजली.

पण चपलेखाली काही चिरडलंच नाही. कांद्याचं वाळकं टरफल चुरडावं एवढाच आवाज आला. पाय अलगद सुटून शेवाळावर पडले. आबांनी वाकून, म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलेलं करून, बघितलं. आतमध्ये काहीच नव्हतं. पाठ उकललेली, पोट पोकळ, डोळ्यांच्या जागी काचेसारखे दोन ठिपके. जणू त्या जिवाला त्यांची चाहूल लागली होती आणि कपडे तिथंच टाकून तो पळाला होता.

"आबा."

प्राची दारात उभी होती. कॉलेजला निघालेली, पिशवी खांद्यावर. त्यांच्या हातातली चप्पल तिनं पाहिली. ती पेटीजवळ आली, गुडघे टेकून बसली आणि एक मोडलेला पाय चिमटीत उचलला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ही पोरगी लग्नात निरोप घेतानासुद्धा सगळ्यांसमोर रडली नव्हती. किड्यासाठी कुणी असं रडतं हे आबांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चप्पल कुठं ठेवावी हे त्यांना समजेना.

मग तिनं तो पाय उजेडात धरला, हलवून पाहिला, आणि तिचा श्वास सुटला.

"ही कात आहे," ती म्हणाली. "हिनं पहाटे कात टाकली."

ती घाईघाईनं उठली. उजेड मंद व्हावा म्हणून मोबाईलच्या दिव्यावर ओढणीचं टोक धरून तिनं सालीच्या मागं उजेड टाकला. फटक्यानं साल हादरली होती. कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं, तेव्हा जनावर खाली पडलं की संपलं. ती पुटपुटत शोधत होती. मग बाजूला सरून तिनं आबांना जागा दिली.

बघायचं नव्हतं, तरी त्यांनी बघितलं. सालीच्या आतल्या अंगाला ती चिकटलेली होती. काळी नव्हती. पांढरी होती, दुधात हिरवा रंग मिसळावा तशी, आणि इतकी पातळ की उजेड तिच्या आरपार जात होता. पाय ओल्या सुतासारखे लोंबत होते. काट्यांचे हातही पांढरे, नुसते काढून ठेवल्यासारखे. ती थरथरत होती. त्या एवढ्याशा कोरड्या कातीतून हे एवढं मोठं बाहेर कसं आलं, हे आबांना समजेना. जन्मभर त्यांनी बांधावर सापाच्या काती पाहिल्या होत्या आणि काठीनं उडवून दिल्या होत्या. कात टाकणारा जीव त्या वेळी कसा दिसतो, हे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"जगंल का?" त्यांनी विचारलं.

पडली नाही तर जगेल, असं प्राची म्हणाली. दुपारपर्यंत अंग धरायला लागेल, मग रंग येईल. तिनं कॉलेजला फोन करून रजा सांगितली. आबा खुर्चीवर बसले. पेटीपासून लांब, पण बसले. पेटी दानिशकडे द्यायचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढंही निघाला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, हे असलं काही मिळतं कुठं, दानिशच्या दुकानात? प्राची नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. मग म्हणाली, "आपल्या विहिरीतून आणलंय, आबा."

"कुठल्या विहिरीतनं?"

"चिंचेजवळच्या. जुन्या."

दिवाळीला मळ्यावर गेली होती तेव्हा ती पायऱ्या उतरून आत गेली होती. दगडांच्या सांदींत ते होते, एक-दोन नव्हे, वरपासून तळापर्यंत. असे एकत्र राहणारे तिनं दुसरीकडे कुठं पाहिले नव्हते. त्यातले तीन तिनं आणले. कसे राहतात, काय खातात, पिलं कशी वाढवतात हे बघायचं होतं. पिलं आईच्या पाठीवर बसून हिंडतात, हे सांगताना तिचा आवाज क्षणभर वर्गातल्यासारखा झाला, आणि आबांच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच थांबला.

त्या विहिरीत आबा पोहायला शिकले होते. भाऊही. त्या दगडांना धरूनच दोघं दम खायचे. भावाचे ओले हात त्याच सांदींत रुतलेले असायचे. म्हणजे तेव्हाही हे तिथंच होते. बोटांपासून वितभर आत. आणि कुणाला काही झालं नव्हतं.

पण त्यांच्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं.

"ती इहीर रणजित बुजवणार हाय," ते म्हणाले. "मीच सांगितलंय त्याला. संक्रांत झाली की जेसीबी बोलव म्हणून."

विहिरीला पाणी उरलं नव्हतं. शेततळं झालं, कालव्याची पाइपलाइन आली, आणि त्या विहिरीत फक्त चिंचेचा पाला कुजत पडला. कोण जनावर-माणूस पडायला नको म्हणून बुजवायची. यात चुकीचं काही नव्हतं, आणि निघताना आबांनी ते अगदी सहज सांगून टाकलं होतं. प्राचीनं ते ऐकलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी रणजितला फोन लावला. वाजून बंद झाला. चंद्राबाईंचा फोन नेहमीप्रमाणे घरात कुठंतरी पडलेला असणार. दोन-तीनदा लावल्यावर आबा उठले, डोळ्यावर काळा चष्मा चढवला आणि म्हणाले, "गाडी काढ."

प्राची गाडी चालवत होती. भवानीनगरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकायला झालं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, रस्ताभर सांडलेला ऊस. आबांना आज एकेक कांडं वेगळं दिसत होतं, आणि त्यांना त्याचा काहीच आनंद होत नव्हता. जंक्शन गाव मागं पडलं, निमगाव केतकी मागं पडलं. दोघं बोलली नाहीत. मळ्याच्या वाटेला लागल्यावर आबांनी काच खाली केली आणि कान दिला. जेसीबीचा आवाज नव्हता. त्यांना हायसं वाटलं. अजून आला नसंल, असं ते म्हणालेसुद्धा.

चिंच दिसली. चिंचेखाली काहीच नव्हतं.

म्हणजे जमीन होती. सपाट, ताज्या तांबूस मुरुमाची, तिच्यावर जेसीबीच्या चाकांचे नक्षीदार वण. काठ नव्हता, पायऱ्या नव्हत्या, मोटेचा तुटका कट्टा नव्हता. इथं कधी विहीर होती हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. प्राचीनं गाडीचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली, एक पाय गाडीत ठेवून.

रणजित हसतमुखानं आला. त्यानं डोळ्याची चौकशी केली, आणि हातानं जमीन दाखवून म्हणाला, "काल सांजच्याला झालं, आबा. तुमी म्हणाला तसं."

त्याला काय बोलणार? आबांनी सांगितलं तेच त्यानं केलं होतं. आबा मुरुमावर चालत गेले, मधोमध, जिथं विहिरीचं तोंड होतं तिथं, आणि पायाखाली बघत राहिले. चष्म्याआडून पाणी येत होतं. ऑपरेशनच्या डोळ्यातून येतं तसं पाणी असेल, पण ते दोन्ही डोळ्यांतून येत होतं. काल संध्याकाळी, ते पेटीसमोर खुर्ची ओढून बसले होते त्याच वेळी, इथं मुरूम पडत होता.

"दगड कुठं टाकले?" मागून प्राचीनं विचारलं. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

रणजित म्हणाला की वरचे घडीव दगड काढून घेतलेत, घराच्या पायाला होतील, गोठ्यामागं रचलेत. पण काकींचं काय चाललंय ते कळत नाही. त्यांनी सकाळपासून दगडांवर ओली गोणपाटं टाकलीत आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

गोठ्यामागं चंद्राबाई बादलीतून गोणपाटांवर पाणी शिंपडत होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी बादली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, आणि डोळा कसा हाय म्हणून विचारलं. आबांनी उत्तर दिलं नाही. ते गोणपाटाकडे बघत होते.

"ह्येच्याखाली काय हाय?"

चंद्राबाईंनी प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं मान डोलावली.

"मावश्या हायत," चंद्राबाई म्हणाल्या. "हिरीतल्या. मशीननं दगड वर आणलं तवा चिकटून आल्या. उन्हात मरत्यात म्हणून झाकलं."



त्या सांगत गेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं पहिल्यांदा पाण्याला नेलं आणि दाखवलं. ह्या मावश्या हायत, कुणाला काय करत न्हायत, भ्यायचं न्हाय. मळ्यावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. पाणी शेंदताना एखादी पोहऱ्यावर चढून यायची, तिला परत आत सोडायची. दिवाळीला प्राचीला पायऱ्यांवरून धरून त्यांनीच खाली उतरवलं होतं.

"आनी मला कुणी सांगितलं न्हाय," आबा म्हणाले.

"सांगून?" चंद्राबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. "तुमी राकेल ओतलं असतं हिरीत."

ते खरं होतं. आबांनी तसंच केलं असतं. भावाच्या दिवसांनंतर त्यांनी बांधावरच्या एकेका बिळात धूर घातला होता. त्यांची आई, बायको, भावजय, आता सून, एवढ्या बाया एवढी वर्षं एकमेकींशी बोलत होत्या आणि ते आले की गप्प होत होत्या. मळ्याचा धनी त्यांच्या मते मळ्यावरचं सगळ्यात घातकी जनावर होता. हे त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. ते आपोआपच त्यांच्या ध्यानात आलं.

 त्यांनी रणजितकडून बॅटरी मागून घेतली.

वाकायची मनाई होती, म्हणून ते उभे राहिले आणि प्राची खाली बसली. तिनं एकेक दगड तिरका करायचा आणि आबांनी उजेड टाकून बघायचं. पहिल्या दगडाखाली काही नव्हतं. दुसऱ्याखाली दोन मेलेल्या होत्या, पाय आत ओढून घेतलेल्या. प्राचीनं त्या उचलून बाजूला ठेवल्या. पुढंही मेलेल्याच निघत राहिल्या, काही चिरडलेल्या, काही वाळलेल्या. चंद्राबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. रणजित पहिल्यांदा बघताच चार पावलं मागं गेला होता. तो आता लांबूनच विचारत होता की हे काय आहे, आणि कुणीच त्याला सांगत नव्हतं.

"थांब," आबा म्हणाले. "त्यो उलटा करू नगं. तसाच धर."

दगडाच्या खाचेत, प्राचीला दिसत नव्हतं अशा बाजूला, काहीतरी हललं होतं. त्यांनी उजेड थोडा बाजूला घेतला. एक काळी मावशी खाचेत अंग चोरून बसली होती. चाबकाचा एक पाय तुटला होता, दुसरा हवेत फिरत होता. आणि तिच्या पाठीवर दाटीवाटीनं, हुरड्याचे दाणे चिकटावेत तशी, फिकट पिलं बसलेली होती.

 आबांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

दुपारपर्यंत सहा-सात जिवंत निघाल्या. कुठं ठेवायच्या हे प्राची ठरवेपर्यंत आबांनी रणजितला सांगून टाकलं की हे दगड घराच्या पायाला जाणार नाहीत. शेततळ्याच्या सावलीच्या बाजूला, जिथं पाइपातून पाणी झिरपतं, तिथं त्यांची रास रचायची, आत सांदी राहतील अशी, चुना-सिमेंट न लावता. रणजित नाराज झाला. एवढे घडीव दगड किड्यांना द्यायचे म्हणजे लोक हसतील, असं तो म्हणाला. हसू दे, म्हणाले आबा. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तुझा बाप ह्या दगडांना धरून पोहायला शिकला. ते त्यांनी आजवर त्याला कधी सांगितलं नव्हतं. मग रणजित दगड हलवायची उटाळी आणायला गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चंद्राबाईंनी ओट्यावर चहा आणला, आबांना बिनसाखरेचा. प्राची तळ्याकडे दगड लावून घेत होती, तिचा आवाज इथपर्यंत येत होता. आबांनी चष्मा काढून डोळ्यात थेंब घालून घेतले, आणि डोळा मिटूनच विचारलं, "अजून काय हाय मळ्यावर, जे मला ठावं न्हाय?"

 चंद्राबाईंनी कप खाली ठेवला. नवऱ्याकडे नीट बघून घेतलं, जणू हा माणूस आज ऐकू शकेल का याचा अंदाज घेत होत्या.

मग त्यांनी सांगितलं की मधल्या बांधाला, निंबाच्या बुंध्यात, घोरपड राहते. तिची ही तिसरी पिढी असेल. कडब्याच्या गंजीखाली मुंगसं आहेत. तुमी बाजाराला गेला की ती अंगणात येत्यात, भाकरी खात्यात. आबांच्या कपातला चहा निवत होता. गोठ्याच्या वाशात पिंगळ्याची जोडी हाय, त्या म्हणाल्या, आणि बाथरूमच्या मागं बेडूक. आणि एक धामण. तिच्याबद्दल सांगताना त्या जरा अडखळल्या, आबांच्या हाताकडे त्यांनी पाहिलं. हात मांडीवर पालथा पडलेला होता, तिथंच राहिला. मग त्या पुढं सांगू लागल्या.